विचारायची वेळ

कार्यकर्ती : साहेब, पाणीपुरवठा समितीत निम्म्या बायका असाव्यात हा नियम आला, तेव्हा मीच गावोगाव त्याचं स्वागत करत फिरले होते. आज त्या समित्यांची प्रोसिडिंग बुकं चाळते तेव्हा जीव तुटतो. पानापानावर तेच वाक्य : वरील विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर. खाली सह्या. पुरुषांच्या सह्या एकाच शाईच्या, कारण ते एका जागी बसलेले होते. बायकांच्या सह्या वेगवेगळ्या पेनांच्या, कारण वही नंतर दारोदार फिरली. शिपाई येतो, म्हणतो, वहिनी, इथं सही करा. ती पिठाचे हात पदराला पुसते, सही करते आणि परत भाकरी थापायला बसते. कागदावर तिनं टाकीची जागा ठरवलेली असते. टाकी खरंच कुठं होणार हे तिला जेसीबी आल्यावर कळतं. उद्या टाकी चुकीच्या जागी झाली म्हणून ती तक्रार घेऊन गेली, तर तिच्यापुढे तिचीच सही धरली जाते. पूर्वी तिला कुणी विचारत नव्हतं. आता न विचारताच तिचा होकार नोंदला जातो. या दोहोंत पहिली स्थिती मला जास्त प्रामाणिक वाटते.

अभियंता : ताई, त्या वह्या मीही पाहिल्यात. पण ज्या दिवशी नियम नव्हता त्या दिवसाची आठवण मला तुमच्यापेक्षा जास्त आहे, कारण त्या काळात आराखडे मीच काढत होतो. सार्वजनिक नळकोंडाळ्याचं एक ठरलेलं रेखाचित्र होतं. खाली वीतभर उंचीचा ओटा, त्याला उतार, सांडलेलं पाणी गटारात जायची सोय. मी शेकड्यांनी बांधली असतील. पुढे एका गावात, बायकांची बैठक घ्यायचीच असं वरून आलं म्हणून घेतली. त्यात एक सात-आठ महिन्यांची गरोदर पोरगी उठली आणि म्हणाली, भरलेला हंडा जमिनीवरून डोक्यावर घ्यायला दुसरं माणूस लागतं, पहाटे एकटी आलेली बाई काय करणार? मग तिनंच हातानं कमरेची उंची दाखवली. नळाच्या बाजूला तेवढा कट्टा हवा होता. हंडा आधी कट्ट्यावर टेकवायचा, मग थोडं वाकून डोक्यावर घ्यायचा. विटांचे काही थर, पोतंभर सिमेंट, बस. माझी डिग्री, माझी पंधरा वर्षांची नोकरी, आणि मला हे सुचलं नव्हतं, कारण मी आयुष्यात भरलेला हंडा उचललेला नव्हता. त्या दिवसापासून माझा या नियमावर विश्वास बसला. शंभर गावांत तो सहीपुरता उरला असेल, पण एकशे एकाव्या गावात त्यानं दार उघडलं आणि त्या दारातून ती पोरगी आत आली.

कार्यकर्ती : तो कट्टा चांगलाच झाला. पण त्यात मला सलतं काय ते सांगते. तुम्ही तिला हंड्याबद्दल विचारलंत आणि तिनं हंड्याबद्दल सांगितलं. टाकी कुठं बांधायची, पाइपलाइन कोणत्या गल्लीतून न्यायची, विहीर कुणाच्या शेतात घ्यायची, ठेका कुणाला द्यायचा, हे तिला विचारलं होतं का? टाकी आणि लाइन ठरली की कोणत्या वस्तीला पाणी जोरात येणार आणि कोणत्या वस्तीत नळ नुसता फुसफुसणार हे पुढच्या तीस वर्षांसाठी ठरतं. ते सगळं आधीच झालं होतं. तिच्या वाट्याला उरला कट्टा. शिवाय बायका पाण्याबद्दल बोलतात याचं सगळ्यांना फार कौतुक असतं. अहो, पाणी भरायचं काम त्यांच्याच गळ्यात आहे म्हणून त्या बोलतात. हंडा डोक्यावरून उतरेल कधी, हा खरा प्रश्न. तुमच्या कट्ट्यानं तो डोक्यावर चढवायची सोय झाली.

अभियंता : मान्य. घरात नळ येईपर्यंत मात्र तो हंडा कुणीतरी उचलणारच होतं, आणि त्या मधल्या वर्षांत कुणाची पाठ वाचली असेल तर ते मी लहान मानणार नाही. तुमचा दुसरा मुद्दा मोठा आहे, की बाईला लहान गोष्टी विचारल्या जातात आणि मोठ्या ठरून गेलेल्या असतात. पण मोठ्या गोष्टी तिच्या हातात गेल्या तर काय होतं, हेही लोकांनी तपासलंय. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं एक तृतीयांश सरपंचपदं बायकांसाठी राखीव झाली आणि कोणतं गाव राखीव होणार हे फिरत्या पाळीनं ठरू लागलं. म्हणजे आधीच पुढारलेल्या गावांनीच बाई निवडली असं म्हणायला जागा राहिली नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर हे जिल्हे घेऊन राखीव आणि बिगरराखीव पंचायतींची तुलना केली. २००४ साली ती प्रसिद्ध झाली. दोन्हीकडे बाई प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम केलं. बंगालमध्ये बायकांच्या तक्रारी रस्त्यांबद्दलही होत्या, तिथं रस्तेही जास्त झाले. राजस्थानात रस्त्यांची मागणी पुरुषांची होती, तिथं बाई असताना रस्त्यांवरचं काम कमी झालं. त्यांतल्या कितीजणींचा कारभार नवरे पाहत होते कोण जाणे, तरीही फरक पडला. आपल्याकडे तर २०११ पासून निम्म्या जागा राखीव आहेत.

कार्यकर्ती : तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. तो अभ्यास पदाचा आहे. त्या पदामागे निवडणूक आहे, कायदा आहे, निधी आहे, सहीचा अधिकार आहे. समितीतल्या बाईला यातलं काय मिळतं? लोकसहभागाच्या योजनांत निवडणुकीऐवजी ग्रामसभेत हात वर करून समिती नेमतात. नावं आदल्या रात्री कुणाच्या तरी ओसरीवर ठरलेली असतात. सरपंचाची भावजय, पोलीस पाटलाची सून, आणि जातीचा रकाना भरायला मागासवर्गीय वस्तीतली एखादी, जी त्यांच्याच रानात मजुरीला जाते. तिनं मालकाच्या सुनेसमोर बसून म्हणायचं, की आमच्या वस्तीला पाणी येत नाही? दुसऱ्या दिवशी तिला खुरपणीला कोण बोलावणार? 'महिला' असा एकच रकाना केला की या दोघी कागदावर सारख्या होतात. आणि पाण्याच्या बाबतीत हे विसरणं आपल्याला शोभत नाही. १९२७ साली महाडच्या तळ्याचं पाणी प्यायला माणसांना सत्याग्रह करावा लागला, तो याच महाराष्ट्रात. पाण्याची वाट गावात जातीजातीनं फुटते. लाइनच्या शेवटच्या टोकाला कोण राहतं हे नकाशा न उघडताही सांगता येतं.

अभियंता : ते मी नाकारत नाही. टोकाच्या वस्तीला दाब का मिळत नाही, याची कारणं आम्ही पाइपच्या व्यासात शोधतो. ती बऱ्याचदा व्हॉल्व्हच्या चावीत असतात. चावी ज्याच्या हातात, तो आपल्या आळीला पाऊण तास देतो आणि पलीकडे वीस मिनिटांत बंद करतो. पण ताई, आकड्यालाही एक किंमत असते. बीना अगरवाल यांनी भारतातल्या आणि नेपाळातल्या वनसमित्यांचा अभ्यास केला. समितीत बायका पाव ते एक तृतीयांश झाल्या की त्यांचं बैठकीला येणं आणि बोलणं वाढतं, असं त्यांना दिसलं. एकटीदुकटी असली की ती कोपऱ्यात बसते. चारजणी असल्या की पहिली बोलते आणि दुसरी 'व्हय, खरं हाय' म्हणते. ते दुसरीचं 'खरं हाय' फार मोलाचं असतं. म्हणून तर ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी ग्रामसभा घ्यायची तरतूद आपल्या कायद्यात आली. २००३ पासून चाललेल्या जलस्वराज्य प्रकल्पात तिच्यावर भर होता. वेगळ्या सभेत जे बोललं जातं ते मिश्र सभेत बोललं गेलं नसतं, हे मी स्वतः ऐकलंय.

कार्यकर्ती : आणि त्या सभेतला ठराव पुढे मोठ्या सभेत वाचला जातो का, हेही ऐकलंत? अनेक गावांत महिलांची सभा सकाळी अकराला उरकतात, कारण अधिकाऱ्यांना दुपारी दुसऱ्या गावी जायचं असतं. अकराला कोण मोकळं असतं? मजुरीला जाणारी बाई आठला रानात गेलेली असते. ती आली तर तिचा रोज बुडतो. म्हणजे सभेला येण्याची किंमत गरीब बाईच्या खिशातून जाते, आणि जिला रोज बुडायची भीती नाही ती 'महिलांचा आवाज' ठरते. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामाचा हिशेब आहे. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात. पुरुष घरकामात भाग घेतात ते मुळात थोडे, आणि घेतात त्यांची ९७. पाच तास इथं गेले, मग रान, मग जनावरं, आणि त्यावर आपण समिती ठेवली. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाण्याची तपासणी शिकवायची योजना आहे. पाणीपट्टी वसुलीला बचत गट. स्वच्छतेला बचत गट. शेजारणीच्या दारात पाणीपट्टी मागायला गेलं की दोन घरांचं बोलणं तुटतं, ते सांधायचं कुणी? सरकारनं जे पगारी माणसाकडून करून घ्यायला हवं, ते 'सहभाग' म्हटलं की फुकट होतं. मला याचा खरा राग आहे.

अभियंता : रागाला जागा आहे. पण फुकट कामातूनही कधीकधी माणूस उभं राहतं. तुम्ही मराठवाड्यातल्या, किल्लारीचं तुम्हाला मी काय सांगावं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. घरं माणसांवरच बसली. सगळ्यात उद्ध्वस्त गावं नव्या जागी वसवली, पण त्याहून कितीतरी जास्त गावांत घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती. पैसा थेट घरमालकाला मिळणार होता, बांधकाम त्यानंच करून घ्यायचं होतं. आमचे अभियंते गावात जायचे, आडवे दगड घाला, माळवदावरची माती कमी करा, भिंतींना पट्टा द्या म्हणून सांगायचे, आणि लोक मान हलवून पूर्वीसारखंच बांधायचे. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका पुढे आणल्या. त्यांना 'संवाद सहायक' म्हणायचे. कालपर्यंत चारचौघांत डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या बायका गवंड्याला विचारू लागल्या, की आडवा दगड भिंतीच्या आरपार गेलाय का, दाखव. तांत्रिक गोष्ट घराघरात पोचली ती त्यांच्या तोंडून. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बायका गुजरातच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. पाण्याच्या, हंड्याच्या चौकटीत त्या अडकल्या नाहीत. भिंत हा पुरुषांचा विषय मानला जायचा, तो त्यांनी हातात घेतला. याला तुम्ही फुकट राबणं म्हणाल?

कार्यकर्ती : नाही म्हणणार. त्या बायकांचं बोलणं मी ऐकलेलं आहे आणि त्याबद्दल मला अभिमान आहे. पण तिथं काय वेगळं होतं ते नीट बघा. एक, काम सुरू व्हायच्या आधी त्या आत आल्या. भिंत उभी राहायची होती. दोन, त्यांच्याजवळ माहिती होती. कोणता हप्ता कधी मिळतो, कशासाठी मिळतो, भिंतीत काय असलं पाहिजे, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून गवंड्याला त्यांचं ऐकावं लागलं. तीन, त्यांना ओळख मिळाली होती, सरकारनं मानलेलं नाव होतं. चार, मागे एक संघटना वर्षानुवर्षं उभी होती. हे चारही काढून घ्या आणि उरलेल्याला सहभाग म्हणा, म्हणजे माझी दारोदार फिरणारी वही तयार होते. आणि आणखी एक. इतकं करूनही त्या दुरुस्त घराचा उतारा कुणाच्या नावावर राहिला?

अभियंता : बहुतेक पुरुषाच्या.

कार्यकर्ती : तिथंच येते. पाण्याचंच उदाहरण घेऊ, कारण त्यात हे लख्ख दिसतं. गावात पाणी दोन तऱ्हेचं असतं, पिण्याचं आणि शेतीचं. पिण्याच्या पाण्यात पैसा नाही, पाणीपट्टीची थकबाकी आहे, भांडणं आहेत, तर तिथं निम्म्या बायका. शेतीच्या पाण्यात ऊस आहे, द्राक्षं आहेत, गावाचं राजकारण आहे. तिथला नियम काय? आपल्या राज्यात शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा २००५ साली झाला. त्याखालच्या पाणी वापर संस्थेचा सभासद कोण, तर लाभक्षेत्रातला जमीनधारक. बाई त्याच रानात दारं धरते, रात्री वीज आली की बॅटरी घेऊन पाटावर जाते, पण सातबाऱ्यावर तिचं नाव नसेल तर ती सभासद नाही. म्हणजे जिथं पाणी म्हणजे काम आहे तिथं तिला बोलावणं, आणि जिथं पाणी म्हणजे मालमत्ता आहे तिथं उताऱ्याची अट. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं हे ओळखलं होतं. १९८६ साली चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन झालं, १९८९ ला जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये सगळ्या बायकांचं पॅनेल ग्रामपंचायतीत निवडून आलं, आणि त्यापाठोपाठ 'लक्ष्मी मुक्ती' आली, की नवऱ्यानं जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर करावा. सत्ता आणि जमीन हे दोन्ही धागे त्यांनी एकत्र धरले होते. आपण आज समितीचा एकच धागा धरून बसलोय.

अभियंता : हे मला इतक्या सरळ कुणी दाखवलं नव्हतं. तरी एक सांगू का, जमीन नसलेल्याला पाणी द्यायचा प्रयत्नही याच मातीत झालाय. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथं पाणी जमिनीच्या मापानं वाटलंच नाही. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही हक्क, आणि पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही म्हणून जमीन विकली तरी पाणी विकता येत नाही. हक्क कसा लिहिला जातो यावर किती अवलंबून असतं, हे मला तिथं कळलं.

कार्यकर्ती : त्या प्रयोगाला मी हात जोडते. पण बघा, तिथंही माणसं मोजली कुटुंबात. पाच माणसांत दोन-तीन बायका होत्या, त्यांच्यामुळे कुटुंबाचं पाणी वाढलं. वाढलेलं पाणी कुटुंबाच्या नावावर. उद्या ती नवऱ्यापासून वेगळी झाली तर तिच्या अर्ध्या एकराचं काय? घर हे एकक धरलं की बाई मोजली जाते आणि त्याच क्षणी दिसेनाशीही होते.

अभियंता : ठीक. मग मी आता माझी बाजू बदलून विचारतो. सहभाग खरा आहे का हे ओळखायच्या खुणा तुमच्या मते कोणत्या? मी आराखडा करणारा माणूस आहे. मला मोजता येईल असं काही सांगा.

कार्यकर्ती : तीन सांगते. पहिली, तिला कधी विचारलं. अंदाजपत्रक व्हायच्या आधी की नंतर? अंदाजपत्रकाला तांत्रिक मंजुरी मिळाली की पुढचं विचारणं म्हणजे सांगणं असतं. दुसरी, तिच्या 'नाही'नं काही थांबतं का? ती 'ही जागा नको' म्हणाली आणि काम तरीही झालं, तर तिच्या 'हो'ला काडीची किंमत नव्हती. तिसरी, तिच्या वेळेचा मोबदला कुणी दिला? सभेला आली त्या दिवसाचा रोज, वसुलीचं मानधन, तपासणीचा भत्ता. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या गड्याला ग्रामपंचायत पैसे देते ना? मग पाणी तपासणारी बाई 'स्वयंसेविका' का?

अभियंता : पहिली खूण मी आजच्या आज मान्य करतो. सर्वेक्षणाचा कच्चा नकाशा घेऊन आधी बायकांत बसायचं, मग इस्टिमेट. उलट ते आमच्याच फायद्याचं आहे. झरा कुठं मार्चमध्ये आटतो, कोणत्या विहिरीचं पाणी डाळ शिजू देत नाही, कोणत्या गल्लीत लाइन गटारातून जाते, हे त्यांना माहीत असतं. दुसरी खूण मात्र मला घाबरवते. प्रत्येक 'नाही'ला थांबायचं ठरवलं तर मार्चअखेर निधी परत जातो, ठेकेदार दरवाढ मागतो, आणि गाव पुन्हा तीन वर्षं टँकरवर. शिवाय ते 'नाही' खरंच तिचं असेल कशावरून? टाकीच्या जागेवर ज्याचा डोळा आहे तो आपल्या घरातल्या बाईला उभं करील. आणि बायकांतच दोन 'नाही' निघाले, वरच्या आळीचं आणि खालच्या आळीचं, तर कोणतं मोठं? तुम्हीच म्हणालात, 'महिला' हा एक रकाना नाही.

कार्यकर्ती : दोन 'नाही' निघाले तर बरंच झालं. तेवढं भांडण तरी उघड्यावर होईल. आज ते होतच नाही, कारण खालच्या आळीचं 'नाही' ओठांपर्यंतच येत नाही. उशिराबद्दल म्हणाल, तर वाळूवरून कज्जा झाला, दोन गटांत कोर्टकचेरी झाली, म्हणून वर्षानुवर्षं अडकलेल्या योजना तुम्ही पाहिल्यात. पुरुषांच्या भांडणानं झालेल्या उशिराला आपण राजकारण म्हणून सहन करतो. बायकांच्या 'नाही'नं दोन महिने लागले तर मात्र निधी परत जातो. पण तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. टँकरची रांग मीही पाहिलीय, रात्री दोनला घागरी घेऊन उभ्या असलेल्या पोरी पाहिल्यात. त्यांना मी कोणत्या तोंडानं सांगू, की आणखी एक बैठक होऊ द्या? याचं उत्तर माझ्याजवळ नाही.

अभियंता : आणि तिसऱ्या खुणेचं उत्तर माझ्याजवळ नाही. मोबदला द्यायला हवा हे मला पटतं. पण तो दिला की काय होतं हेही पाहिलंय. समितीच्या जागेला मानधन लागलं की ती 'पोस्ट' होते. मग ती सरपंचाच्या घरातच जाते. फुकट होतं तोवर खालच्या आळीच्या बाईला निदान कुणी हटवत नव्हतं. पैसा नसेल तर गरीब बाई येऊ शकत नाही, आणि पैसा असेल तर तिला येऊ देत नाहीत.

कार्यकर्ती : पैसा पदाला लावू नका, कामाला लावा. जी सभेला आली तिचा रोज, मग ती समितीत असो नसो. जिनं नमुना तपासला तिला त्या नमुन्याचे. कदाचित त्यानं पळवापळवी कमी होईल. कदाचित होणार नाही. पण एवढं ठरवू या, की यापुढे निम्म्या बायका आहेत का एवढंच विचारून कुणी थांबू नये.

अभियंता : आणि तुम्हीही, निम्म्या सह्या खोट्या निघाल्या म्हणून नियमच नको, असं म्हणू नका. 'पहिली स्थिती जास्त प्रामाणिक' हे तुमचं सुरुवातीचं वाक्य मला अजून टोचतंय. त्या प्रामाणिक काळात मी शेकडो नळकोंडाळी कट्ट्याशिवाय बांधली.

कार्यकर्ती : ते वाक्य मी मागे घेते. वही दारापर्यंत तरी येते. दार उघडणाऱ्या बाईनं एक दिवस शिपायाला थांबवून, आधी वाचून दाखव म्हटलं, तर त्याच वहीचं हत्यार होईल. तसं म्हणणाऱ्या दोघी मला भेटल्यात. फक्त दोघी.

अभियंता : येत्या महिन्यात एका वाडीचं सर्वेक्षण आहे. अजून टाकीची जागा ठरलेली नाही, कागद कोरा आहे. नकाशा मी घेऊन येतो. किती वाजता यायचं तेवढं तुम्ही सांगा.

कार्यकर्ती : वेळ मी कशी सांगणार? ती त्यांनाच विचारावी लागेल. कांदा काढणी चालू असेल तर रात्री जेवणं आटोपल्यावर. आणि खालच्या आळीतल्या बायका वरच्या आळीच्या देवळात बसणार नाहीत, तेव्हा जागाही विचारावी लागेल. तुमच्या कार्यालयाला रात्री नऊची बैठक चालेल?

अभियंता : दौऱ्याच्या नोंदीत तशी वेळ मी आजवर लिहिलेली नाही. विचारून बघतो.